मेणबत्तीने फोडलेली गोष्ट

ओतिलिया, तू माझ्या फोनात घालून दिलेल्या त्या प्रार्थनेच्या मेणबत्तीच्या ॲपने माझ्या लेकाचं घर फोडलं.

बाकी इथे ग्वायाकिलला मी बरी आहे, गुडघे चालतात. नातीला, ग्रेसिएलाला, दिवस गेलेत हे मी फक्त मरियामातेला सांगितलं, ॲपातली ती मेणबत्ती लावून, खाली प्रार्थना लिहून. फोन लेकाच्या, गालोच्या नावावर. दुसऱ्याच दिवशी त्याला निरोप आला: ‘घरात बाळ येणार, अभिनंदन! लंगोट स्वस्तात.’ त्याने जेवताना लेकीला विचारलं, “हे काय गं?” ती ताटावरून उठली ती गेलीच. मी भांडी घासली. रडूही आलं नाही.

गालो म्हणतो, “लिहिलेलं विकायची परवानगी तूच दिलीस, आई, ‘मान्य’ दाबून.” प्रार्थनेखाली होतं, मला वाटलं आमेन आहे. चर्चमधली मेणबत्ती कधी चहाड्या करत नाही.

पोर तुझ्याकडेच आलीय ना? जेवते का? तू उत्तर देऊ नकोस. तिने लिहायचं, आणि कागदावर.

रोसाउरा