डब्यावरची तारीख

थेरगाव,
५ मे २०२४

ती. आईस,
रुपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येईनासं झाल्यापासून पत्रं लिहितेय. दिग्विजय कंपनीत जाता-जाता ती महाळुंग्यात तुझ्या हातात देतो आणि सासुरवाडीचा चहा पिऊन पुढे जातो, त्यामुळे नवरा माझा भलताच खूश आहे.

बातमी अशी की चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढल्यावर मी पर्मनंट झाले. पेढे वाटले त्याच संध्याकाळी सासूबाईंनी सांगितलं की नोकरी कर, पण चूल आता तुझी, घरी आलेला पाहुणा उपाशी जाता कामा नये. संक्रांतीचे पाहुणे होईपर्यंत बघू, तोवर जमलं नाही तर घरी बसायचं. मी तावातावाने हो म्हटलं. सासरच्या लातूरकडचं कुणीही चाकणला काम शोधायला निघालं की पिशवी आधी आमच्याकडे टेकवतं, हे तुला माहीत आहेच. आज रविवारी सात माणसं जेवली. मी दिवसभर कंपनीत आणि पाहुणे दुपारी बाराला दारात, मग कसं करायचं? आधी करून ठेवता येईल असं काय काय आहे ते सगळं लिही. काही सुचत नाही, एका जागी बसवत नाही.

तुझीच,
रुपाली

महाळुंगे,
१४ मे २०२४

चि. सौ. रुपालीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना मलाच धाप लागली. जरा दमानं घे. कांदा-खोबरं खरपूस भाजून पाणी न घालता वाट, तेलावर पुन्हा परत, आणि डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात टाक. त्यावर रस्सा, उसळ, भरली वांगी काहीही अर्ध्या तासात होतं. रवा भाजून ठेव. आत्ता उन्हाळा आहे तर कैरी उकडून गुळात घोटून ठेव, पाणी घातलं की पन्हं. पावसाळ्यात अळूवडीचे उंडे वाफवून ठेव, आयत्या वेळी नुसते तळायचे. थालीपिठाची भाजणी मी पाठवते. तुझे वडील म्हणतात, लेकीला पाठवताना डबा शिगोशीग भरतेस आणि मला मोजून वाढतेस. ते खरं आहे.

विहीणबाईंचं मन सांभाळ. चूल हातातून गेली की बाईमाणसाला घर परकं वाटतं.

तुझी आई,
गवरा

थेरगाव,
२७ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

जमलं! पावसाळा पार पडला, आता दिवाळीचं चाललंय. तुझ्या अळूवड्यांवर मामंजी म्हणजे बबनराव इतके खूश आहेत की वड्या खायला मिळाव्यात म्हणून स्वतःच पाहुणे बोलावतात. मी एक युक्ती काढलीय. कंपनीत प्रत्येक क्रेटला तारखेचा टॅग असतो, जुना माल आधी वापरायचा. तसे मी घरी सगळ्या डब्यांना लावले. माझी नणंद निशिगंधा कॉलेजातून आली की टॅग बघून डबा काढते, गरम करते, वाढते. सासूबाईंना ओट्यापाशी उभंसुद्धा राहावं लागत नाही.

त्या मात्र हल्ली गप्प असतात. गॅलरीत बसून लातूरला भावाशी फोनवर बोलतात आणि मी गेले की विषय बदलतात. संक्रांतीला अडीच महिने राहिले.

माया कमी करू नकोस,
तुझी रुपाली

थेरगाव,
१९ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, मी हरले. शुक्रवारी लक्ष्मणमामा आणि सोजरामामी संक्रांतीचं भेटायला म्हणून लातूरहून आले. सासूबाईंचा सख्खा भाऊ! मी आदल्या दिवशीच, कंपनीच्या गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत, तिळाच्या पोळ्या लाटून ठेवल्या होत्या. निशिगंधाने वाटण काढून भरली वांगी केली, पानं मांडली. तेवढ्यात मामींनी डब्यावरचा टॅग वाचला, सहा जानेवारी. अकरा दिवसांचं शिळं आम्ही खात नाही म्हणाल्या आणि ताट सरकवलं. मामाही उठले. नुसत्या चहावर दोघं निघून गेली.

मी संध्याकाळी आले तेव्हा सासूबाई खोलीत बसून होत्या. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. दिग्विजय म्हणतो, थांब, आई विसरेल. पण मी शब्द दिला होता आणि तारीखही मीच लिहिली होती. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. येत्या शुक्रवारी देणार. कंपनीत वायरी जोडायच्या लाइनवर हात चालतात, डोळे भरून येतात, वायरीचे रंग दिसत नाहीत.

रुपाली

थेरगाव,
२१ जानेवारी २०२५

सौ. गवराबाई विहीणबाईंस,
यशोदाबाईचा नमस्कार वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. दिग्विजयच्या हाती पाकीट चिकटवून दिलं आहे.

शुक्रवारचं तुम्हाला कळलंच असेल. रुपालीला वाटतं मी तिच्यावर रागावले. खरी गोष्ट तिला माहीत नाही. सोजराने ताट सरकवल्यावर मी तिला स्वयंपाकघरात नेऊन समजावायला गेले. तर ती म्हणाली, अक्का, तुम्हीच तर दर फोनला सांगता की सून शिळं घालते म्हणून. खरंच होतं ते. मीच सांगत होते, दिवाळीच्या आधीपासून. पाहुणे येत, रुपालीच्या हाताचं कौतुक करत, आणि मला कुणी मीठसुद्धा विचारत नव्हतं. भावाने माझी कीव करावी म्हणून बोलत गेले. माझा स्वतःचा आमटीचा येसर मसाला डब्यात सहा-सहा महिने असतो, त्याला मी कधी शिळं म्हटलं नाही.

ती राजीनामा देते आहे असं निशिगंधाने सांगितलं. तिला तुम्ही थांबवा. माझी सांगायची हिंमत नाही.

कृपा असावी,
यशोदाबाई

महाळुंगे,
२२ जानेवारी २०२५

सौ. यशोदाबाई विहीणबाईंस,
नमस्कार वि. वि.

पत्र वाचून राग आला, मग तुमची दयाही आली. पण मी रुपालीला काही सांगणार नाही. मी फार लांब नाही, पण मला ऐकू येत नाही. तुम्ही आणि ती तर एका छपराखाली आहात आणि दोघींना ऐकू येतं. शुक्रवारच्या आत तुम्हीच सांगा.

स्पष्ट लिहिलं, राग नसावा,
गवराबाई

थेरगाव,
२४ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सुट्टीचा दिवस तसाच गेला. आज सकाळी डांगे चौकात कंपनीच्या बसची वाट बघत आम्ही आठ-दहा जणी उभ्या होतो. मागून सासूबाई आल्या. शाल नाही, पायात मामंजींच्या चपला. मला वाटलं घरी कुणाला काही झालं.

त्यांनी सगळ्यांसमोर हातातला फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे लक्ष्मणमामा झोपेतच होते. सासूबाई म्हणाल्या की सुनेला नावं ठेवली ती खोटी होती, मी खोटं बोलले, आठ महिने ते वाटण मी स्वतः बोटं चाटून खाल्लं. सोजरालाही हेच सांग. मामांनी दोनदा विचारलं की अक्का, तब्येत बरी आहे ना. सासूबाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या की चार माणसांत बिघडवलं ते चार माणसांतच निस्तरायला आले.

बस आली. आमच्या लाइनवरची सरूबाई दारातूनच ओरडत होती, चल की गं.  सासूबाईंनी हात पुढे केला आणि राजीनामा मागितला. मी दिला. त्यांनी तो न वाचता कमरेला खोचला आणि मला पायरीकडे ढकललं.

आई, हे जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये लिहिते आहे. घंटा झाली.

तुझी, कामावर असलेली,
रुपाली