मिलस्टोनमधली माणसं

लंडन, ६ नोव्हेंबर १९६७

चि. ऑड्रीस, थोरल्या भावाचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि फ्रूटकेक, दोन्ही पोचले. केकचा चुरा झाला होता; आम्ही तो चमच्याने खाल्ला.

आमच्या ‘मिलस्टोन’चं काय सांगू? वसंतात आम्ही पाच जण होतो. बासवाला लग्न करून सासऱ्याच्या बेकरीत गेला, पियानोवाला जर्मनीला गेला आणि परवा गाणारा माल्कमही बड्या बँडमध्ये गेला. व्हॅन त्याचीच, तीही गेली. उरलो गिटारवर मी आणि ड्रमवर बॅरी. नवा बासवाला मिळालाय, पण तो इतका अबोल की त्याचं नाव कळायला आठवडा लागला.

पुढच्या शनिवारी आपल्याच टॉडमॉर्डनच्या कामगार क्लबात आमचा कार्यक्रम आहे आणि गायला कुणी नाही. तू चॅपेलात गातेस, तशीच सोबत लिहून पाठवलेली चार गाणी म्हणशील का? आम्ही वाजवतो ते ब्लूज म्हणजे तरी काय, दुःखच सांगायचं, फक्त पायाने ठेका धरून. बाबांजवळ एवढ्यात बोलू नकोस.

तुझा,
डेरिक


टॉडमॉर्डन, ९ नोव्हेंबर १९६७

प्रिय डेरिक, स. न. वि. वि.

बँडला जात्याच्या दगडाचं नाव ठेवलंस, मग जो येतो तो जातो, यात नवल कसलं?

तीन गाणी म्हणेन. चौथ्यात तो माणूस बायकोला घराबाहेर काढतो आणि पुढच्या रांगेत आपल्या शेजारच्या मिसेस अटली बसणार. बाबांना मी सांगून टाकलं. ते म्हणाले, चॅपेल असो की क्लब, सूर खोटा लागला नाही म्हणजे झालं. तेही येणार आहेत.

गिरणीतल्या माझ्याबरोबरच्या मुलींनी तिकिटं काढलीत आणि माझे हात आतापासूनच गार पडलेत. तू जवळ उभा राहा, म्हणजे मला पळता येणार नाही.

तुझी भित्री बहीण,
ऑड्री


टॉडमॉर्डन, २२ एप्रिल १९६८

चि. ऑड्रीस, अ. उ. आ.

तुला न सांगता निघून आलो म्हणून रागावली असशील. बाबांच्या छातीचं दुखणं हटत नाही, त्यामुळे आता मी इथेच राहतो. त्यांच्या दुकानात बसून बुटांना टाचा ठोकतो.

क्लबात तू तीन म्हणता म्हणता सात गाणी गायलीस, तेव्हाच मी ओळखलं की बँडला आवाज सापडला. म्हणून तर तुला गिरणी सोडायला लावून लंडनला नेलं. आता मागे फिरू नकोस. रेकॉर्ड कंपनीच्या करारावर सही कर. माझ्या जागी घेतलेल्या कीथची बोटं माझ्यापेक्षा चपळ आहेत. फक्त तुझी ओळ संपेपर्यंत थांबायला शिकव त्याला.

बाबा औषध घेतात. यायची घाई करू नकोस. जेवत जा.

तुझा,
डेरिक


लंडन, १० जून १९६८

प्रिय डेरिक, स. न. वि. वि.

लबाडा! मिसेस अटली इथे बहिणीकडे आल्या होत्या. परवाच्या मिरवणुकीत बाबा त्यांचं पितळी कॉर्नेट फुंकत अख्खी टेकडी चढले म्हणे. मग मी बॅरीला धरलं, तेव्हा त्याने खरं सांगितलं. कंपनीच्या साहेबाने तुला गाठून सांगितलं होतं की पोरगी हवी, गिटारवाला दुसरा बघा. आणि तू मला कळू न देता सामान बांधलंस.

आधी मी चिडले, मग रडले, मग साहेबाकडे गेले. आपण फेब्रुवारीत ध्वनिमुद्रित केलेलं गाणं त्याला कीथच्या गिटारवर पुन्हा करायचं होतं. मी म्हटलं, मी ते पुन्हा गाणार नाही. माझा आवाज हवा असेल तर मागे वाजवणारा माझा भाऊही घ्या. साहेब हसला. मी हसले नाही. शेवटी आहे तेच गाणं रेकॉर्डवर घ्यायला तो कबूल झाला, पण पुढचा करार रद्द केला.

कीथ त्याच दिवशी गेला. बासवाला पहिल्यांदाच पुरं वाक्य बोलला: ‘मग मीही निघतो.’ मिलस्टोन संपला रे.

बॅरी आणि मी मात्र दर रविवारी एका पबात गाणार आहोत. गिटारला माणूस नाही. शनिवारी मी तुला न्यायला येते. बाबांशी फोनवर बोलले. तू गेलास तर दुकानाचं काय, असं विचारलं. ते म्हणाले, खुशाल ने, त्याने ठोकलेल्या टाचा लोक आठवड्यात परत आणून देतात.

लोभ आहेच, पण असं खोटं पुन्हा बोलू नकोस.

तुझीच,
ऑड्री