टबातलं वटवाघूळ

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी साष्टांगाला केव्हाच रजा दिली आहे, पण कागदावर मी अजून सपाट पडू शकतो.) तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की खुंटीला बांधून ठेवला आहेस? दादाची तब्येत बरी असेल. बसनं चार थांब्यांवर राहणाऱ्या भाच्यानं पत्र कशाला लिहावं, असं तुला वाटेल. पण तुझ्याकडे फोन केला की दादा उचलतो. तो काही बोलत नाही, मीही बोलत नाही, आणि थोड्या वेळानं आम्ही दोघं फार सभ्यपणे फोन ठेवतो. तुला तो 'राँग नंबर' म्हणून सांगत असणार. तर ते राँग नंबर मी होतो.

या अबोल्याची एक बाजू तू रोज जेवताना ऐकत असशील. दुसरी आता ऐक. गावाबाहेरची ती विटांच्या कारखान्याची जुनी खाण तुला माहीत आहेच. आमच्या अर्ध्या चड्ड्या तिथेच फाटल्या आणि तूच त्या शिवल्यास. माणूस कुणाच्या ध्यानीमनी नव्हता तेव्हा तिथे एक खोल तळं होतं. तळाशी हवा नव्हती, म्हणून त्यात जे बुडालं ते कुजलं नाही. गाळानं त्याच्यावर थरावर थर अंथरले आणि झाकून ठेवलं. जगात इतर ठिकाणी हाडं सापडतात, तीही नशीब असेल तर. आमच्या खाणीत पिसं सापडतात, कातडी सापडते, भुंग्याच्या पाठीवरचा निळा रंगसुद्धा सापडतो. मी संग्रहालयात आयुष्यभर तेच करत आलो, सुईनं दगड बाजूला करून आतल्याला मोकळं करणं. (तुझी सूनबाई, म्हणजे आमची ही, याला 'दगडाच्या उवा काढणं' म्हणते.)

आणि याच खाणीत गावाचा कचरा टाकायचा असं नगरपालिकेनं ठरवलं. कचऱ्याचे इंजिनीअर कोण, तर आपले दादासाहेब. आता त्याची बाजूही सांगतो, नाहीतर तू म्हणशील धाकटा पहिल्यापासूनच लबाड. सध्याचा कचरा डेपो सूनबाईच्या शाळेला लागून आहे आणि तो धुमसत असतो. भर उन्हाळ्यात वर्गाच्या खिडक्या बंद, आणि तरी मुलं खोकतात. ती घरी येते तेव्हा तिच्या केसांना जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. म्हणजे माझ्या घरातच दादाचा पक्ष बहुमतात आहे. (घरात दोनच माणसं असताना बहुमत कसं होतं हे लग्न झालेल्याला सांगायला नको.) तुझ्याच स्वयंपाकघरात आमची जुंपली तेव्हा तू देवळात... नाही, तू डॉक्टरकडे गेली होतीस. दादा म्हणाला, "माणसं आत्ता खोकतायत. तुझे प्राणी मेलेले आहेत, त्यांना आणखी काय होणार?" मी म्हणालो, "ते एकदाच मेलेत. दुसऱ्यांदा तू मारणार आहेस." वाक्य चांगलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. इतक्या चांगल्या वाक्यानंतर माणसाला जेवायला थांबता येत नाही. मी भरलं ताट सोडून निघालो आणि कोपऱ्यावर येईपर्यंत मला भूक लागली होती.

त्यानंतर बरेच दिवस खाणीकडे फिरकलो नाही. मग एका सकाळी नगरपालिकेचा ट्रक संग्रहालयाच्या मागच्या दारी येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. दादाचा रेनकोट होता, आतून बाहेरून ओला, आणि आत परातीएवढा काळा दगड. साहेब खाणीत मोजमाप घ्यायला उतरले होते, म्हणे, खुंटी ठोकली आणि दगड पुस्तकासारखा उघडला. चिठ्ठी नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब म्हणाले, वाळू देऊ नका." एवढाच निरोप.

मावशी, तो निरोप मला कुठे लागला हे तुलाच कळेल. हा दगड ओला आहे तोवरच दगड असतो. वाळला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतला प्राणी भुशासारखा उडून जातो. हे आम्हाला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आम्ही ठेवलेला तो पहिला मासा तुला आठवतो? खवला न् खवला दिसत होता. सुट्टी संपायच्या आत त्याचा चुरा झाला. मी रडलो, आणि दादानं तो चुरा कागदावर गोळा करून पुन्हा मासा जुळवण्याचा प्रयत्न केला. तेव्हा तो स्वतः केवढा होता!

तर वाळू द्यायचं नाही. आणि संग्रहालयात नेमकी नळदुरुस्ती चालू, पाण्याचा थेंब नाही. संचालकबाई परगावी. मी दगड ओल्या टॉवेलांत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि बसनं घरी निघालो. पहिल्याच वळणावर तो गळायला लागला. कंडक्टर म्हणाला, "काका, तुमचं काय गळतंय?" मी घाईत खरं ते सांगून बसलो, "वटवाघूळ." त्यानंतर मला ऐसपैस जागा मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये आजूबाजूच्या सगळ्या सीटा माझ्या होत्या.

कारण ते वटवाघूळच होतं. रेनकोट उघडला तेव्हाच पंखाची लांब बोटं ओळखू आली होती. घरात एवढं पाणी राहील अशी जागा एकच, आंघोळीचा टब. सूनबाई शाळेतून आली, तिनं न्हाणीघराचं दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, दार लावलं आणि विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, "नळ दुरुस्त होईपर्यंत." आपल्याकडचे नळ तिलाही माहीत आहेत. ती टॉवेल घेऊन शेजारच्या दंतवैद्याकडे आंघोळीला गेली. पुढे मीही जाऊ लागलो. माणूस सज्जन, पाणी गरम, पण आंघोळ करून निघालेल्या माणसाला तो 'आ' करायला लावतो. त्यात माझी एक दाढ गेली.

काम असं असतं. दगडाची एक बाजू सुईनं साफ करायची, तिच्यावर पारदर्शक राळ ओतायची, ती घट्ट झाली की उलटं करून दुसऱ्या बाजूनं सगळा दगड काढून टाकायचा. शेवटी दगड उरत नाही. प्राणी तेवढा राळेत राहतो. हे सगळं भिजत्या हातांनी, गुडघ्यांवर बसून, टबाच्या काठावर कोपर टेकून. दगड जसजसा निघाला तसतसा पंखांच्या बोटांमधला पडदा दिसू लागला, चहावर साय धरते तसा पातळ. मग कानाची पाळी. मग पोटावरच्या लवेची सावली. आणि पोटात बारीक चमकते कण. भिंगाखाली धरले तेव्हा कळलं, पतंगांच्या पंखांवरची भुकटी. त्याचं शेवटचं जेवण.

सूनबाईला हाक मारली. ती वह्या तपासता तपासता कुरकुरत आली आणि भिंगावर वाकली. मग म्हणाली, "पोट भरलेलं होतं ना? मग बरं झालं." आणि पदरानं भिंग पुसून परत गेली. त्या दिवसापासून मी कामावर असलो की टबातलं पाणी ती बदलायची. मला सांगायची नाही, पण बादली जागेवर नसायची.

नगरपालिकेच्या सभेत मला बोलायला वेळ मिळाला. भाषण पाठ केलं होतं. वारसा होता, भावी पिढ्या होत्या, टाळ्यांसाठी दोन जागा सोडल्या होत्या. माझ्या आधी दादा बोलला. तो कागद न बघता बोलला. धुराबद्दल, डेपोजवळच्या घरांबद्दल, शाळेच्या बंद खिडक्यांबद्दल. एक शब्द खोटा नव्हता. मग मी उभा राहिलो. म्हणालो, "हे वटवाघूळ आहे," आणि पुढचं सगळं पुसून गेलं. अध्यक्षांनी थोडं मागे सरकून विचारलं, "जिवंत आहे?" मी म्हणालो, "नाही," आणि बसलो. झालं माझं भाषण.

पण मी बरोबर नेलेली ती राळेची पाटी टेबलावरून हातोहात फिरली. एकानं चष्मा काढून पाहिलं, एका बाईंनी ती खिडकीच्या उजेडाकडे धरली. सगळ्यात शेवटी ती दादाकडे आली. त्यानं दोन्ही हातांत धरली, मान खाली घातली, आणि अध्यक्षांनी दोनदा हाक मारेपर्यंत वर केली नाही. मग मतदान झालं. सगळे हात खाण भरण्याच्या बाजूनं वर गेले. मावशी, मला राग यायला हवा होता. आला नाही. आपल्या माणसाला पोहोचवून आल्यावर जसं रिकामं वाटतं, तसं वाटलं.

ट्रक सुरू झाल्याचं कळलं तेव्हा शेवटचं एकदा बघून यावं म्हणून गेलो. पश्चिमेकडचा भाग, जिथलं सगळं आम्ही पूर्वीच काढलं आहे, तो भरत होता. पूर्वेची भिंत मात्र तशीच होती. पुढे खुंट्या, दोरी, आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओली पोती टांगलेली. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "साहेबांचा हुकूम आहे. ही भिंत सगळ्यात शेवटी." शेवटी म्हणजे कधी? "ते साहेब सांगतील तेव्हा. आणि पोती वाळली तर आमची चामडी सोलतील. ऑफिसच्या आधी स्वतः बघून जातात, हात लावून." मी एका पोत्याला हात लावला. थंडगार, निथळणारं. मुकादम समोर होता म्हणून नाक पुसण्याचं निमित्त करावं लागलं.

तर असं आहे. मी आणि सूनबाई ठीक. टब पुन्हा माणसांसाठी खुला झाला आहे. वडीलधाऱ्यांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद लिहिणार होतो, पण आपल्या घरात सगळ्यात लहान मीच उरलो आहे, तेव्हा तो तूच पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. त्या सभेत मला मत असतं, तर मीही हात वर केला असता. सूनबाईच्या वर्गाच्या खिडक्या परवा उघडल्या. हे दादाला सांगू नकोस.

ता. क. २. येत्या रविवारी वटवाघूळ संग्रहालयात काचेखाली बसेल. पाटीवर शोधणाऱ्याचं नाव लागतं. मी 'नगरपालिकेचे एक कर्मचारी' असं लिहून दिलं, तर संचालकबाई म्हणाल्या हे नाव नव्हे, ही तक्रार आहे. नाव घालायचं तर त्या माणसाची परवानगी हवी, आणि ती मला फोनवर मागता येत नाही. पत्र लिहायचं कारण खरं तर एवढंच.

ता. क. ३. तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुला आलेली पत्रं दादाच मोठ्यानं वाचून दाखवतो, हे मला दंतवैद्यानं सांगितलं. दादाचीही दाढ तिथेच गेली म्हणे. तेव्हा मावशी, वाचणाऱ्याचा आवाज इथे बसला असेल तर त्याला आधी पाणी दे. मग रविवारी किती वाजता निघताय ते विचार. आम्ही जेवायला थांबतो.