मारायचा नाही, झोपवायचा

२ सप्टेंबर

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांत हिच्या मोबाइलच्या गजराचा क्रमांक बराच वरचा आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने इथे नोंदवतो. बदकाचा गळा दाबल्यासारखा आवाज. वाजतो हिच्यासाठी, जागा होतो मी! ही झोपेतच हात लांबवते, बदकाला गप्प करते आणि कूस बदलते. मग मी हलवायचं. "अगं, ऊठ." "उठलेय." — आणि ही हे गाढ झोपेत, डोळे न उघडता, अगदी स्वच्छ उच्चारांत सांगते.

चेष्टा बाजूला. पेपरने पुरवणी बंद केली, तिच्याबरोबर माझं सदर गेलं. दर रविवारी जगाला टपल्या मारणारा माणूस आता घरात बसून गळक्या नळाला टपल्या मारतो. ही लग्नाआधी रक्त तपासायची. तेच काम तिने परत धरलंय. घर त्यावर चाललंय. प्रयोगशाळेची किल्ली हिच्याकडे असते. पहाटे दार उघडायचं, कारण रक्त द्यायला येणारी माणसं रात्रीपासून उपाशी असतात. पहिले तीन महिने पारखून बघणार, मग कायम करणार. प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच बजावलं : "सुई सगळ्यांनाच टोचता येते. मला वेळेवर येणारं माणूस हवंय."

४ सप्टेंबर

युक्ती सुचली! टेबलावरचा संगणक सदर गेल्यापासून माझ्यासारखाच बसून आहे. त्याने पहाटे आपला आपण उठावं आणि बासरी वाजवावी. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे हिचा हात तिथवर पोचणार नाही. दिवसभर खटपट केली. वेळ घातली, धून निवडली, रात्री संगणक नीट बंद करून झोपलो.

५ सप्टेंबर

बासरी नाही. बदकच.

मेहुणीला फोन केला. ती संगणकाच्या कंपनीत आहे आणि पुरुषजात ही माहितीपुस्तिका हरवलेली वस्तू आहे असं तिचं मत आहे.

"भाऊजी, रात्री तुम्ही तो बंद केलात?"

"मग? वीज काय फुकट येते?"

"अहो, मेलेल्याला हाका मारून तो उठतो का? झोपवायचा असतो. मारायचा नाही."

७ सप्टेंबर

झोपवला. उठला! पडदा लख्ख उजळला. आवाजाचं बटण मात्र बंद राहिलेलं. बैठकीला हजर राहून अवाक्षर न काढणाऱ्या साहेबासारखा उजेड पाडत बसला.

८ सप्टेंबर

वाजला!!

आधी आतला पंखा घरघरला, म्हाताऱ्याने घसा साफ करावा तसा. मग भिंतीवर निळसर उजेड. मग बासरी — आधी लांबून आल्यासारखी, हळूहळू खोलीभर. ही उठून बसली.

"अगंबाई, खरंच वाजला की!"

मी डोळे मिटून, जणू मीच फुंकत होतो अशा थाटात पडून होतो.

"कोणी केलं हो हे?"

"आहे एक कारागीर."

हसत हसत गेली. बदक सेवानिवृत्त.

१५ सप्टेंबर

बासरी फारच मऊ वाटली म्हणून आज बँड लावून पाहिला. ही दचकून उठली. "कवायत कुणाची आहे?" उद्यापासून परत बासरी.

२१ सप्टेंबर

जाग आली ती खिडकीतून आलेल्या उन्हाने. ही शेजारीच, झोपलेली.

संगणकाने रात्री आपण होऊन स्वतःत सुधारणा करून घेतल्या, बंद झाला, चालू झाला आणि परवलीचा शब्द विचारत दारातच उभा राहिला. स्वतःला सुधारण्याच्या नादात नेमून दिलेलं काम विसरणारे पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यावर लेख पाडलेत. हा घरातच निघाला.

ही केस न विंचरता धावली. प्रयोगशाळेच्या दारात उपाशी माणसांची रांग. एका आजोबांना घेरी आली, ते पायरीवर बसले. कुणीतरी बिस्किट दिलं म्हणून सावरले. पण तपासणी बुडाली. उद्या परत उपाशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर किल्ली ठेवून जा."

"तू काय सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"झोप लागली म्हटलं."

ना संगणकाचं नाव, ना माझं. संगणक बनवणाऱ्यांविरुद्ध एक खणखणीत भाषण मी सकाळपासून घोटून ठेवलं होतं. ते तसंच गिळलं.

२२ सप्टेंबर

मेहुणीने फोनवरून सांगत सांगत ती रात्रीची सुधारणा बंद करून दिली. मग म्हणाली, "पण भाऊजी, ताई काही तुमच्या बासरीने उठत नाही हं."

"म्हणजे?"

"सुरुवातीला उठायची. आता तिला सवय झालीय, आधीच जाग येते. वाजायची वाट बघत पडून असते."

"मग काल?"

"काल वाजलं नाही, तेव्हा तिला वाटलं अजून वेळ आहे. पडल्या पडल्या परत डोळा लागला. मी म्हटलं, कमाल आहे तुझी, उठून जायचंस ना! तर म्हणते, मी आधीच उठले तर ह्यांच्या वाजवण्याला काय अर्थ? सदर गेल्यापासून हा माणूस सकाळी पहिल्यांदा हसायला लागलाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हाला सांगू नको म्हणालीय. म्हणून सांगतेय."

मी तिचे आभार मानले. पलीकडून प्रश्न आला : "कोण बोलतंय?"

२३ सप्टेंबर

सोंगं ओळखणं हा माझा धंदा. पुढाऱ्याचं, पंडिताचं, शेजाऱ्याचं — वासावरून ओळखायचो आणि रविवारी चव्हाट्यावर आणायचो. आणि हातभर अंतरावर रोज पहाटे एक बाई झोपेचं सोंग घेऊन पडलेली होती, माझं मन राखायला! त्यापायी तिने किल्लीसुद्धा पणाला लावली. मला पत्ता नाही.

हिला यातलं काही बोललो नाही. बोललो तर उद्यापासून ती सरळ उठून जाईल. आणि खरं सांगायचं तर, ते मला नकोय.

२४ सप्टेंबर

माझा मोबाइल उशाखाली ठेवला. आवाज बंद, नुसती थरथर.

२५ सप्टेंबर

बासरीच्या आधी जागा झालो आणि डोळे मिटून पडून राहिलो. पलीकडे हीसुद्धा तशीच. दोन जागी माणसं झोपल्यासारखी पडलेली, आणि सगळ्यांना उठवायची जबाबदारी खोलीत जो एकटाच खरा झोपलाय त्याच्यावर! यावर झकास लेख झाला असता. लिहिणार नाही.

६ ऑक्टोबर

पहाटे वीज नव्हती. पंखा घरघरला नाही, भिंत उजळली नाही. बासरीची वेळ आली आणि जायला लागली. शेजारचा श्वास जागा होता. वाट बघत होता.

मी पांघरुणात तोंड खुपसलं आणि तीच धून शिट्टीवर धरली. मध्येच दम तुटला. परत धरली.

ही उठून बसली. अंधारात पायाने चपला चाचपत म्हणाली, "आज सूर जरा खाली लागलाय."

आणि किल्ली घेऊन गेली. वेळेवर.