औषधाला उपास नसतो

प्रिय अनू,

प्रवीणच्या टेंपोतून पापडांच्या डब्याखाली दडवलेली निकोटिनच्या गोळ्यांची पाकिटं पोचली. उघडली नाहीत. का, ते सांगते, पण आधी माझा राग ऐकून घे.

पहिला राग सूनबाईवर. हरतालिकेचा माझा उपास निर्जळी, घोटभर पाणी घेत नाही, तुला ठाऊकच आहे. वाळूची पिंड मांडून आळीतल्या बायका बसलेल्या, आणि आरती संपते न संपते तोच अक्षदा विचारते, आई, तोंडात काय हाय? म्हटलं, औषध. औषधाला उपास नसतो. तर म्हणते कशी, मग सकाळी बीपीची गोळी का नाय घेतली? ती औषध नाय का? सगळ्या फिदीफिदी हसल्या. अगं, माझ्या घरात, माझ्या देवापुढं! आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही. काय चुकलं होतं तिचं? काही नाही, म्हणून तर जास्त झोंबलं.

मशेरी सुटावी म्हणून ही चघळायची गोळी दिली तो डॉक्टर तीन महिने घ्या म्हणाला आणि बदली होऊन गेला. सहा वर्षं झाली, अनू! नंतर कुणी हालहवाल विचारली नाही. पंचायतीनं मात्र मशेरी सोडली म्हणून शाल-नारळ दिला, फोटो काढला. नीट बघ त्यात, डाव्या गालात गोळी आहे. त्या मेल्या शालीपायी खालापुरात दुकानात मागायची लाज वाटायला लागली आणि ते काम तुझ्या गळ्यात पडलं.

आणि तू गं! दर महिन्याला कर्जतहून गुपचूप पाठवतेस. ताई, अजून किती दिवस, एवढं विचारायला जीभ झडली होती का? नाही, खोटं कशाला बोलू. गेल्या शिमग्याला विचारलंस तेव्हा मीच फोन आपटला. बीपीची गोळी चारदा विसरते, ही एकदाही विसरले नाही. आईची मशेरीची डबी असायची तशी उशाशीच असायची.

शेवटी अक्षदाच मला दवाखान्यात घेऊन गेली. कमी कमी करत दिवसाला बारांवरून दोनावर आले, आणि आज पाच दिवस एकही नाही. डोकं ठणकतं, भांडी आपटते, हे तर ताट घेऊन ओटीवर जेवतात.

पाकिटं त्याच टेंपोनं परत येतायत. आता पाठवू नकोस. मी रडेन, आईची शपथ घालीन, तुला नाही नाही ते बोलेन, तरी पाठवू नकोस. हे सांगायला फोनच करणार होते गं. दोनदा हातात घेतला आणि ठेवला. तुझा आवाज ऐकला असता तर गोळीच मागितली असती.

तुझीच, अजून धुमसणारी,
गोदाताई