सोळा नट

९ जानेवारी

जाफरभाईच्या गाडीची चारही चाकं गेली! समोरच्याच घरापुढून. सकाळी पाहतो तर गाडी विटांवर उभी. मला रात्री एक आवाज आला नाही. सगळी आळी जमली. शेजारची रुखमाबाई म्हणे, "जाफरभाई, गाडी अंड्यावर बसवली का गा?" लोक हसले. तोही हसला. मला हसू आलं नाही.

माझ्या पोराची, प्रणितची गाडी तिथून दहा पावलांवर असते. चार चाकं, चाकाला चार नट. सोळा. दुपारपर्यंत चारदा मोजले.

१० जानेवारी

प्रणितला म्हटलं, रोज संध्याकाळी चाकं काढून घरात ठेवू. "बाबा, तुमी ना! अन् सकाळी ड्यूटीवर काय पाटावर बसून जाऊ?" सून दिव्यानी आत जाऊन हसली. ऐकू आलं मला.

११ जानेवारी

टायरवाल्या सैफकडे गेलो. कुलपाचे नट येतात म्हणे, चावीशिवाय निघत नाहीत. नागपूरहून मागवावे लागतील. दहा दिवस. चोर थांबतो काय दहा दिवस?

लांब पाना मागून आणला. देताना म्हणाला, "लच्छूभाऊ, हिसाबात कसा. जास्त ताणलं तर बोल्ट आतून मरते. मऊ लागला का समजा गेला."

माझ्या अर्ध्या वयाचा माणूस मला लोखंड शिकवतो! चाळीस वर्षं बैलबंडीच्या चाकांवर धावा चढवल्या मी. गोवऱ्यांत लाल केलेली लोखंडी पट्टी लाकडावर ठोकायची, पाणी ओतायचं, की ती चाकाला चावून बसते. जितकी आवळली तितकी टिकते. ब्रह्मपुरीपासून आरमोरीपर्यंत माझ्या हातची धाव कोणत्या बंडीची निघाली, सांगा म्हणावं.

१२ जानेवारी

चाकांवरची प्लास्टिकची झाकणं काढून सोळाही कसले. झाकणं परत बसवली. पोट भरून जेवलो.

१३ जानेवारी

कसले.

१५ जानेवारी

नात पायरीवर बसून मोजते. "आबा, काल तर कसले होते, आज पुन्हा सैल झाले काय?" नाही झाले. पण हात लावल्याशिवाय चैन पडत नाही. पान्याला नळाचा पाइप जोडला. जोर दुप्पट लागतो. मग पायही दिला.

१६ जानेवारी

एक पांढरी जीप दुपारी दोनदा आळीतून गेली. दुसऱ्यांदा हळू. आतल्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकही कुत्रं भुंकलं नाही. काऊन नाही भुंकलं?

१७ जानेवारी

डावं पुढचं चाक. नट अडला, पाइपवर उभा राहिलो — आणि एकदम लोण्यात फिरावा तसा अर्धा फेरा गेला. त्याच चाकाचे आणखी दोन तसेच. म्हणजे सैल होते! बरं झालं मी रोज पाहतो. चोराने हात लावून ठेवला असेल.

१८ जानेवारी

तुटला. कट्ट! बोल्टचा तुकडा नटासकट हातात आला. डावं पुढचं. सैफचं बोलणं तेव्हा आठवलं.

परवा चामोर्शीला दिव्यानीच्या भावाचं साक्षगंध. मी घर राखायला थांबणार, ते तिघं जाणार. प्रणित आला की सांगायचं ठरवलं. आला. जेवायला बसला. "बाबा, चाकं शाबूत हायेत ना?" नातही हसली. "आबा रोज कसते!" नुसती मान हलवली.

झाकण लावून टाकलं. नीट बसत नव्हतं, दाबून बसवलं. तीन बोल्ट आहेत अजून. आरा मोडलेलं चाकही बंडी ओढते. उद्या प्रणितला सुट्टी आहे. सकाळी त्याला घेऊनच सैफकडे जातो. तेव्हा सांगतो, काय बोलायचं ते बोलो.

तुकडा उशीखाली ठेवला.

१९ जानेवारी

साडेसात. उठलो तर घर रिकामं. रुखमाबाई म्हणे, "पाव्हणे आजच जमून राह्यले, म्हणून पहाटेच निघाले. बाबाले उठवू नोका म्हणाला प्रणित, रोज गाडीपायी झिजतेत."

अंगणात गाडीच्या जागेवर तेच झाकण पडलेलं. त्याच्या आत दोन नट. दोन्ही नटांत तुटके बोल्ट.

जाफरभाई फोन लावतो आहे. लागत नाही, जंगलात असतील. एक उशीखाली, दोन इथे.

गाडी एकावर गेली.