सुलाबाईची जीभ

७ जानेवारी
शी! शी! जेवण गेलं नाही. तूर काढताना मळणी यंत्रातून कसपट उडालं, ते थेट नीलम्माच्या डाव्या डोळ्यात. उजवा तिचा लहानपणापासून अधू. म्हणजे बायकोचा होता नव्हता तो डोळा! आणि शहाण्यांनी काय करावं? शेजारच्या सुलाबाईला बोलावलं. गावात कुणाच्या डोळ्यात काही गेलं की ही बाई पापणी उलटी करून जिभेनं काढते. तोंडात तंबाखू! नुसती चूळ भरली आणि फिरवली जीभ. "निघालं बगा," म्हणून बोटावर दाखवलं. बायका खूश. मला ओकारी आली.

८ जानेवारी
डोळा लालभडक. सारखं पाणी. म्हटलं, परभणीला नेऊ. तर राजेश्वर — पोटचा पोरगा! — म्हणतो, "आप्पा, तूर तर घरी येऊ द्या. कसपट निघालं न्हवं? मग काय जल्दी हाय?" तुरीवर ताडपत्री झाकली, आईकडं बघायला फुरसत नाही. किळस येते या माणसांची.
शेवटी मीच डोकं चालवलं. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे थेंब कपाटात उरले होते, ते घातले. या घरात एकाला तरी अक्कल आहे!

९ जानेवारी
लाली उतरली. थेंब चार वेळा. बायका म्हणतात, सुलाबाईचा गुण आला. शी!

११ जानेवारी
उजेड सहन होईना म्हणून नीलम्मानं खिडकीला गोधडी बांधली. "आवो, लय ठणकायलंय. काय दिसतंय का बगा." दिसलं. बुबुळावर पांढरं, तांदळाच्या कणीएवढं.
मी शेतात गेलो की ही वही ती चोरून वाचते, मग जेवताना टोमणे मारते. आज स्वतःच कबूल झाली — "उघडली व्हती. अक्षरं पुसल्यागत दिसायलीत."

१२ जानेवारी
परभणी. डॉक्टरीणबाई संतापल्या. "शेतातलं काही डोळ्याला लागलं, दुखतंय, लाल झालाय, धूसर दिसतंय — त्याच दिवशी यायचं! चोळायचं नाही, घरी काढायचं नाही." जिभेचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.
नीलम्माला आत नेल्यावर बाईंनी थेंबांची बाटली बघितली. "काका, जखमेत बुरशी धरलीय. जिभेनं घाण गेली असेल, पण घात या स्टेरॉइडच्या थेंबांनी केला. वरची लाली दबली, आत बुरशी माजली. कुणी दिले हे?"
सांगितलं काहीतरी.

१९ जानेवारी
नजरेची आशा धरू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
सुलाबाईला गावात कुणी दारात उभं करीना. काल राजेश्वर तिच्या अंगावर धावून गेला. म्हातारी रडत म्हणाली, "म्या थेंब न्हाई दिले रे बाबा." खरं आहे तिचं. दवाखान्यात राजेश्वरसमोर तिचं नाव मीच सांगितलं.
नीलम्मा म्हणते, "तुमच्या थेंबांनीच जरा बरं वाटलं व्हतं. ते का बंद केले?"
तिला आता ही वही वाचता येत नाही. म्हणूनच हे लिहायचं धाडस झालं. शी!